आजीची हळद आणि आकड्यांची तुळा

सहामाहीच्या निबंधांचे गठ्ठे तपासताना आम्हां शिक्षकांची एक परीक्षा होत असते. दोन मुलांचे निबंध अक्षरशः सारखे निघाले, तर नक्कल तत्काळ उघडी पडते. परंतु एखादा चतुर मुलगा ‘सूर्य’ खोडून ‘भास्कर’ लिहितो, ‘आनंदा’च्या जागी ‘हर्ष’ घालतो, तेव्हा शब्द सोडून अर्थाचा माग काढावा लागतो. जगातील पेटंट कचेऱ्यांपुढे हाच पेच आहे.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठराविक मुदतीपुरता मिळणारा हक्क. शोध खरोखर नवा आहे काय, हे जुने कागद धुंडाळून पाहण्याची रीत अमेरिकेने १८३६ च्या कायद्याने पक्की केली. तरीही १९९५ साली त्याच देशात हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट दिले गेले! माझा गुडघा फुटला की आजी हळदीची चिमूट दाबून बसवी. तिला कोणाची परवानगी लागली नव्हती. पण परदेशातील नुसती वहिवाट त्या वेळच्या अमेरिकन कायद्याला पुरत नसे. छापील पुरावा हवा असे. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तो पुढे ठेवला. गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे महासंचालक होते. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख कामी आला, आणि १९९७ मध्ये तो दावा फेटाळला गेला. पुढे २००१ पासून अशा पारंपरिक ज्ञानाचे भांडार पाच परकीय भाषांत उभे राहू लागले.

आता या शोधकामाला यंत्र आले आहे. पूर्वीची यंत्रे सामाईक शब्द मोजीत. ‘व्रण’ आणि ‘जखम’ त्यांना परकेच वाटत. २०१८ साली गूगलने ‘बर्ट’ नावाचे भाषा-प्रतिमान प्रसिद्ध केले, आणि तशी प्रतिमाने पेटंटांच्या मजकुरावरही लावली गेली. अफाट मजकूर वाचून, कोणता शब्द कोणाच्या संगतीत येतो हे ती शिकतात. मग प्रत्येक दस्तऐवजाची शेकडो आकड्यांची एक ओळ होते. ती ओळ म्हणजे जणू एका दिशेचा बाण. दोन बाणांमधील कोन जितका लहान, तितके दस्तऐवज अर्थाने जवळचे.

मात्र जवळचे म्हणजे तेच, असे नव्हे. एखाद्या लहानशा फरकातही खरा शोध असू शकतो. तो निवाडा अखेर परीक्षकालाच करावा लागतो. आणि दुसरी गोष्ट मला अधिक सलते. ही तुळा कितीही नाजूक असली, तरी पारड्यात कागद पडल्यावाचून ती हलत नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या बटव्यातले निम्मे उपाय तिच्याबरोबरच गेले.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मी एकच अभ्यास दिला आहे: आजीजवळ बसा, विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. या निबंधांत सारखेपणा आढळला, तर मी गुण कापणार नाही.