श्टाडेलहोफेनचा क्रूस : मूर्ती आधी कुठे घडते?

(थ्रेड बराच लांब आहे, सवडीने वाचावा.)

सप्टेंबर १५२३. झ्युरिक शहराच्या वेशीबाहेर श्टाडेलहोफेन नावाची वस्ती होती. तिथे एक मोठा लाकडी क्रूस उभा होता. वाटेवरच्या अशा क्रूसापुढे क्षणभर थांबावे, टोपी काढावी, मनातले बोलावे आणि पुढे चालू लागावे, ही त्या काळातील युरोपची रोजची रीत. एके दिवशी क्लाउस होटिंगर नावाचा जोडे शिवणारा कारागीर काही सोबत्यांना घेऊन तिथे गेला आणि त्यांनी तो क्रूस आडवा केला.

होटिंगरला अटक झाली. क्रूसाचे लाकूड विकून येणारे पैसे गोरगरिबांना वाटण्याचा आपला विचार होता, असे त्याचे म्हणणे पडले.

हा माणूस धर्मद्वेष्टा नव्हता. ख्रिस्तावरची निष्ठा पूर्ण असावी, तिच्यात लाकडाला वाटा नसावा, एवढ्यासाठीच त्याने ख्रिस्ताचा क्रूस पाडला होता. पुढच्या सहा महिन्यांत त्याचा शिरच्छेद झाला.

मूर्तिभंजन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर परक्या सैन्याचे चित्र उभे राहते. सोळाव्या शतकातील जर्मन आणि स्विस शहरांत मात्र हातोडा धरणारे घरचेच होते. ज्या मूर्ती त्यांनी फोडल्या, त्या त्यांच्याच आजे-पणजांनी पदरमोड करून देवळात बसवल्या होत्या. म्हणूनच हा इतिहास केवळ विध्वंसाचा म्हणून वाचला तर त्यातले अर्धे हाती लागत नाही.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात मूर्तींचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच मिटला होता. निदान कागदावर तरी. इ. स. ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने एक भेद सांगितला : चित्राला आदर द्यावा, आराधना मात्र एकट्या देवाची करावी. चित्रापुढे केलेले नमन चित्रात थांबत नाही. ते ज्याचे चित्र आहे त्याच्यापर्यंत पोहोचते.

भेद सूक्ष्म होता आणि जगणे खडबडीत होते. दात दुखला की संत अपोलोनिया, प्लेग आला की संत सेबास्टियन, आग लागली की संत फ्लोरियन. ज्याच्या घरात मूल तापाने फणफणले आहे, तो मेणबत्ती लावताना आदर आणि आराधना यांची सीमारेषा कुठे पाहणार? श्रीमंत घराणी आपल्या आत्म्याच्या तारणासाठी वेदी आणि मूर्ती अर्पण करत. सॅक्सनीचा राजा-निवडक फ्रेडरिक याने विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये संतांचे अवशेष जमवले होते. १५२० च्या सुमारास त्यांची संख्या १९,००० च्या घरात गेली होती.

होटिंगरच्या कृत्याची पूर्वकथा याच विटेनबर्गमध्ये घडते.

जानेवारी १५२२. मार्टिन ल्यूथर तेव्हा शहरात नाही. पोपने त्याला बहिष्कृत केले आहे, सम्राटाने परागंदा ठरवले आहे, आणि तो वार्टबुर्गच्या गडावर लपून बसला आहे. त्याच्यामागे चळवळीची सूत्रे आंद्रेआस कार्लश्टाट या विद्यापीठातील ज्येष्ठ सहकाऱ्याकडे आली आहेत. १५१२ मध्ये ल्यूथरला डॉक्टर ही पदवी याच कार्लश्टाटच्या हस्ते मिळाली होती. १० जानेवारीला शहरातील ऑगस्टिनियन मठाच्या संन्याशांनी स्वतःच्याच मठातील मूर्ती जाळल्या. २४ जानेवारीला नगरपरिषदेने चर्चमधील मूर्ती हटवण्याचा नियम केला. तीन दिवसांनी कार्लश्टाटची पुस्तिका निघाली.

तिचे शीर्षक लक्षात ठेवण्याजोगे आहे. मूर्ती हटवाव्यात, आणि ख्रिस्ती लोकांत कोणी भिकारी असू नये, असे दोन विषय त्याने एकाच शीर्षकात जोडले होते. आजच्या वाचकाला ही जोडी विजोड वाटेल. कार्लश्टाटच्या दृष्टीने हा एकच विषय होता : देवाला द्यायचे ते लाकडाला दिले जाते, आणि शेजाऱ्याला द्यायचे तेही लाकडालाच.

या पुस्तिकेत एक जागा अशी आहे, जिथे वादपटू गप्प होतो आणि माणूस बोलू लागतो. कार्लश्टाट कबूल करतो की लहानपणापासून आपल्या मनाला मूर्तींना मान देण्याचे वळण लागले आहे. त्या निर्जीव आहेत हे कळते, तरी त्यांची भीती अंतःकरणातून जात नाही, आणि त्यांना हात लावायला आपण कचरतो. बुद्धीने सोडलेले मन सोडत नाही, याची इतकी प्रामाणिक कबुली त्या काळच्या वादग्रंथांत विरळाच. त्याने काढलेला निष्कर्षही त्यातूनच आला आहे. हृदय जर इतके दुबळे असेल, तर समोरची वस्तूच काढून टाकली पाहिजे.

फेब्रुवारीत लोकांनी धीर सोडला आणि चर्चमध्ये मोडतोड झाली. ६ मार्चला ल्यूथर गड सोडून विटेनबर्गला परतला आणि ९ मार्चपासून त्याने ओळीने आठ प्रवचने दिली.

त्याने मूर्तींची बाजू घेतली असे मानणे चूक ठरेल. त्या नसत्या तर बरे, असेच त्याचे मत होते. त्याचा आक्षेप उपायावर होता. लोक सूर्याची आणि ताऱ्यांची पूजा करतात, म्हणून ते आकाशातून खाली ओढायचे काय? मद्याने माणसे बिघडतात, म्हणून सगळे मद्य ओतून टाकायचे काय? भिंतीवरचे चित्र फोडले तरी मनातला विश्वास हलत नाही. उलट फोडणाऱ्याला आपण पुण्य केले असा गर्व चढतो, आणि तो गर्व हीच नवी मूर्ती. ल्यूथरच्या मते खरा दोष वेगळ्याच ठिकाणी होता. चर्चला चांदीची मूर्ती वाहिली म्हणजे देव आपला ऋणी झाला, असे जो दाता मानतो, त्याची मूर्तिपूजा गुडघे टेकणाऱ्या म्हातारीपेक्षा मोठी.

युक्तिवाद बिनतोड आहे. तरी कार्लश्टाटच्या कबुलीला तो उत्तर देत नाही. जो म्हणतो की समोर मूर्ती असेपर्यंत माझे मन मोकळे होत नाही, त्याला मन आधी मोकळे कर असे सांगणे सोपे असते.

विटेनबर्गमध्ये ल्यूथर जिंकला. कार्लश्टाट ओर्लाम्युंड या गावी गेला, तिथल्या चर्चमधून मूर्ती हटल्या, आणि सप्टेंबर १५२४ मध्ये त्याला सॅक्सनीतून हद्दपार करण्यात आले. पुढे तो बाझलला प्राध्यापक झाला आणि १५४१ मध्ये तिथेच वारला.

आता पुन्हा झ्युरिक. होटिंगर तुरुंगात होता आणि नगरपरिषद पेचात. शहराचा प्रमुख धर्मोपदेशक उल्रिच झ्विंगली आणि त्याचा सहकारी लेओ युड हेच तर व्यासपीठावरून मूर्तींविरुद्ध बोलत होते. मग उपदेशकाला मान आणि ऐकून कृती करणाऱ्याला बेडी, हे कसे? परिषदेने २६ ऑक्टोबर १५२३ पासून तीन दिवसांची जाहीर चर्चा बोलावली. सुमारे ९०० लोक जमले.

या चर्चेत सर्वांत लक्षात राहतो तो कॉनराड श्मिड, शेजारच्या क्युसनाख्त येथील धर्मसंस्थेचा प्रमुख. तो सुधारकांच्याच बाजूचा होता. पण त्याने विनवले की दुबळ्याच्या हातातली काठी हिसकावून घेऊ नका. ती बोरूसारखी डळमळती असेल, तरी तो तिच्यावर रेलून उभा आहे. आधी त्याच्या हाती भक्कम काठी द्या, ख्रिस्त द्या. मग जुनी तो आपणच टाकील. आठ-नऊशे विद्वान आणि पुढारी वचनांचे दाखले देत असताना, मूर्ती गेल्यावर साध्या माणसाचे काय होईल हा प्रश्न इतक्या कळकळीने मांडणे सोपे नव्हते.

परिषदेने श्मिडचे निम्मे ऐकले. मूर्ती लगेच हटवल्या नाहीत. काही महिने लोकांना शिकवण्यासाठी दिले. होटिंगरला मात्र दोन वर्षांसाठी हद्दपार केले. तो झ्युरिकच्या हद्दीबाहेर गेला आणि जुन्या पंथाच्या प्रदेशात पकडला गेला. मार्च १५२४ मध्ये ल्युसर्न येथे त्याचे शिर उडवण्यात आले. तीनच महिन्यांनी, १५ जूनला, झ्युरिकच्या परिषदेने मूर्ती हटवण्याचा हुकूम काढला. ज्या कृत्यासाठी होटिंगर घराबाहेर पडला, तेच आता सरकारी काम झाले.

ते झालेही अगदी सरकारी रीतीने. ज्या घराण्यांनी मूर्ती अर्पण केल्या होत्या, त्यांना त्या परत नेण्याची मुभा मिळाली. मग नेमलेली समिती सुतार, लोहार आणि पाथरवट घेऊन चर्चमध्ये गेली आणि दारे आतून लावून घेतली. जुलैच्या आरंभापर्यंत काम उरकले. भिंतींना चुना लावला. आतल्या पांढऱ्या शुभ्र भिंती पाहून झ्विंगलीला समाधान वाटले.

झ्विंगलीचा विचार त्याने १५२५ मध्ये ऊरी प्रांतातील व्हालेंटिन कोंपार या लेखनिकाला दिलेल्या उत्तरात सर्वांत स्पष्ट दिसतो. तिथे तो दोन शब्द वेगळे करतो : परका देव आणि मूर्ती. देवाखेरीज ज्या कशावर माणूस आपला भरवसा टाकतो, तो परका देव. तो आधी मनात जन्मतो. लाकडाची मूर्ती त्यानंतर येते. म्हणजे मूळ हृदयात आहे, याबद्दल झ्विंगली आणि ल्यूथर यांचे एकमत होते! भांडण पुढच्या पायरीवर होते. ल्यूथर म्हणे, हृदय सुधारले की वस्तू निरुपद्रवी होते. झ्विंगली म्हणे, मनात जन्मलेला देव समोरच्या वस्तूवर पोसला जातो. ती जागेवर ठेवून हृदय सुधारण्याची वाट पाहणे व्यर्थ.

पण झ्विंगली सरसकट चित्रद्वेष्टा नव्हता, आणि याचा पुरावा त्याच उत्तरात आहे. ग्रोसमुन्स्टर या मुख्य चर्चमध्ये सम्राट शार्लमेनच्या दोन मूर्ती होत्या. आतल्या मूर्तीपुढे लोक इतर संतांप्रमाणेच नमत, म्हणून ती काढली. दुसरी बाहेर बुरुजावर होती. तिला कोणी नमत नसे, म्हणून ती राहू दिली. खिडक्यांतील रंगीत काचाही त्याला खुपल्या नाहीत, कारण काचेपुढे कोणी मेणबत्ती लावत नसे. सम्राट तोच, दगडही तसाच. निकाल ठरला तो पाहणाऱ्याच्या गुडघ्यांवरून.

आणि गरीब? जानेवारी १५२५ मध्ये झ्युरिकने भिक्षेचा नवा नियम केला. पूर्वीच्या डॉमिनिकन मठात रोज मोठ्या कढईत पेज-सूप शिजू लागले आणि भुकेल्यांना वाढले जाऊ लागले. खर्च विसर्जित मठांच्या उत्पन्नातून होई. लाकडाला वस्त्रे नेसवण्यापेक्षा देवाची खरी प्रतिमा असलेल्या गरिबाला नेसवा, हा सुधारकांचा आग्रह इथे थोडाफार उतरला. थोडाफारच, कारण चर्चचे सोने-रुपे परिषदेने ताब्यात घेतले, आणि सरकारी तिजोरीत गेलेले धन सगळेच्या सगळे कढईपर्यंत पोहोचते, असे मानायला फार भोळे असावे लागते.

स्वतः झ्विंगलीने काय गमावले, हेही नोंदवायला हवे. तो अनेक वाद्ये वाजवणारा रसिक होता. त्याच्याच काळात चर्चमधील गायन थांबले आणि डिसेंबर १५२७ मध्ये ग्रोसमुन्स्टरचा ऑर्गन मोडून काढण्यात आला. उपासनेत मन देवावरून स्वरांकडे सरकते, म्हणून स्वरही नकोत. जे आपल्याला सर्वांत प्रिय, त्याच्यावरही हा नियम लावताना तो डगमगला नाही.

सगळीकडे झ्युरिकसारखी शिस्त नव्हती. ९ फेब्रुवारी १५२९ रोजी बाझलमध्ये जमावाने चर्च गाठले आणि मूर्तींच्या होळ्या पेटल्या. तिथे राहणारा वयोवृद्ध इरॅस्मस उपहासाने लिहून गेला की पूर्वी क्षुल्लक अपमानावरून चमत्कार दाखवणाऱ्या या संतांनी आज काहीच कसे केले नाही. दोन महिन्यांनी त्याने ते शहर सोडले.

ल्यूथर इकडे हृदयाच्या प्रश्नाला चिकटून होता. कार्लश्टाटला दिलेल्या उत्तरात त्याने म्हटले की ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा ऐकताना, इच्छा असो वा नसो, क्रूसावरच्या माणसाचे चित्र मनात उमटतेच. मनात ते असणे पाप नसेल, तर डोळ्यांपुढे असणे पाप कसे? १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत त्याने पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगितला तो असा की माणसाचे हृदय ज्याला बिलगून असते, तोच त्याचा देव; आणि जगातली सर्वांत लोकप्रिय मूर्ती म्हणून त्याने नाव घेतले ते पैशाचे. दहा आज्ञा मोजण्याची पद्धतही दोघांची वेगळी झाली. मूर्तींचा निषेध ल्यूथरच्या परंपरेत पहिल्या आज्ञेत विरून जातो. झ्युरिकच्या परंपरेत ती स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. आजही दोन्ही पंथांची मुले ती वेगवेगळी मोजतात.

दोघांचे निकाल आजही उभे आहेत. विटेनबर्गच्या ज्या नगरचर्चमध्ये ल्यूथरने ती आठ प्रवचने दिली, तिथेच त्याच्या मृत्यूनंतर, १५४७ मध्ये, क्रानाख पितापुत्रांच्या चित्रशाळेत रंगवलेली वेदी बसली. तिच्या तळच्या फळीवर एका बाजूला प्रवचन देणारा ल्यूथर आहे, दुसऱ्या बाजूला ऐकणारी मंडळी, आणि मधोमध, रिकाम्या दालनात, क्रूसावरचा ख्रिस्त. ऐकणाऱ्यांच्या मनात उमटणारे चित्रच चित्रकाराने काढून ठेवले आहे.

झ्युरिकच्या ग्रोसमुन्स्टरमध्ये श्टाडेलहोफेनच्या क्रूसाची काही खूण नाही. बुरुजावरचा शार्लमेन मात्र टिकला. मूळ मूर्ती आता चर्चच्या तळघरात ठेवली आहे. वर तिची प्रतिकृती बसलेली आहे.