दोन कर्ण्यांची जोडी

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालात आणि अजिंठ्याचा घाट उतरलात, की फर्दापूर लागते. लेण्यांच्या घाईत पुष्कळजण तिथली मोगल काळातली सराई न पाहताच पुढे जातात. त्या काळी गावाला काही कळवायचे तर दवंडी, आणि दूरवर इशारा द्यायचा तर कर्णा. कर्णा म्हणजे तुतारीच्या जातीचे लांब पितळी वाद्य. पुढे लाउडस्पीकरच्या भोंग्यालाही आपल्या लोकांनी हेच नाव दिले, आणि बरोबर दिले.

कारण दोहोंची करामत एकच. ओठ असोत की भोंग्यामागचा लहानसा पडदा, त्याने एकदम मोकळ्या हवेला ढकलू म्हटले तर बहुतेक जोर फुकट जातो. नळी हळूहळू रुंदावत नेली की तोच जोर हवेला लागू पडतो. 1919 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या मैदानात हजारो लोकांशी बोलले, ते अशाच भोंग्यांतून. आपल्याकडे 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला.

पण ढोल आणि झांज एकाच कर्ण्यात मावेनात. हिशेब पाहा. सेकंदाला 50 कंपनांच्या जाड स्वराची एक लाट सुमारे 22 फूट लांब. ती नीट फेकायची तर कर्ण्याचे तोंड 7 फूट रुंद हवे! 500 कंपनांना मात्र आठनऊ इंचांत भागते. म्हणून हॉलीवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओत डग्लस शिअरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाड स्वरांना खाली मोठा कर्णा व बारीक स्वरांना वर लहान कर्णा, अशी जोडी बसवली. 1936 सालच्या कामगिरीसाठी त्यांना ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. पुढे कारागिरांनी आणखी एक पाऊल टाकले. स्वरांची वाटणी अँप्लिफायरच्या आधीच करायची आणि प्रत्येक कर्ण्याला स्वतःचा अँप्लिफायर द्यायचा. ढोलाने खालचा अँप्लिफायर थकला तरी वरचे शब्द फाटत नाहीत.

गुरुजी, तुमच्या गावच्या सुताराकडून प्लायवूडचा मोठा कर्णा करून घेतलात, तर जोडणीला घाई करू नका. लहान कर्णा सगळ्यात शेवटी जोडा, तोही आवाज अगदी बारीक ठेवून. आम्ही एका गॅदरिंगला तारा अदलाबदल केल्या. जाड स्वर वरच्या नाजूक पडद्यात गेला आणि पहिल्याच गाण्याला तो फाटला. तेव्हापासून त्या तारेत एक कपॅसिटर घालतो, बरं का.

सगळे चालू आहे, पण माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो? मग एका कर्ण्याच्या लाल-काळ्या तारा उलट करून ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव वाटेल ती ठेवा. तरी मन भरले नाही तर लहान कर्णा मागे सरकवा. मोठ्याचा पडदा तीनचार फूट आत असतो, त्यामुळे त्याचा आवाज तेवढा उशिरा पोचतो. दोन्ही पडदे एका रेषेत आणा. शिट्टी वाजू लागली तर मायक्रोफोन कर्ण्यांच्या मागे घ्या.

मग एखाद्या मुलाला धडा वाचायला सांगा आणि तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत, जमिनीवर बसून ऐका. उभ्याने ऐकलेले आणि बसून ऐकलेले यांत फार फरक पडतो. मुले बसलेली असतात.