ठाण्याच्या खाडीतील मासळीची मोजदाद

गोवंडीची वस्ती ईशान्येस जेथे सरते तेथे १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आलेली देवनारची कचराभूमी लागते, आणि तिच्या पलीकडे, तिवरांची किनार ओलांडताच, ठाण्याची खाडी. या पाण्यातील मासेमारीचा इतिहास सांगताना ट्रॉम्बे व माहूल येथील कोळीवाड्यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मासळीची मोजदाद करणाऱ्या शास्त्राने ती कोठे पकडली जाते याची नोंद आधी घेतली आणि ती कोठे वाढते याची चौकशी पुष्कळ नंतर मांडली, ही गोष्ट मला अधिक विचारणीय वाटते.

कोळ्यांचे शास्त्र तोंडी असले तरी कच्चे नव्हते. त्यांच्या डोल जाळ्याचे तोंड रुंद असते आणि शेपटीकडे ते निमुळते होत जाते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांच्या आधाराने ते प्रवाहासमोर पसरायचे, मासळीच्या पाठीमागे धावायचे नाही, पाण्याच्या ओढीनेच ती आत शिरते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात डोलीला जोर, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी लागले की धंदा मंद. पावसाळ्यात होड्या शाकारून नारळी पौर्णिमेची वाट पाहणे हाही याच व्यवहाराचा भाग होता; त्यात माशांविषयीच्या दयेपेक्षा वादळाचे भय अधिक होते हे मान्य करावे, तरी विणीच्या काळात समुद्राला मिळणारा विसावा काही खोटा नव्हता.

सरकारी दृष्टी मात्र प्रथम उत्तरेच्या थंड समुद्राकडे वळली. १९२१-२२ मध्ये तिकडच्या धर्तीचे ‘विल्यम कॅरिक’ नावाचे ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चाचणीसाठी फिरविण्यात आले. खर्चाची तोंडमिळवणी होईना, म्हणून ती तजवीज गुंडाळली गेली. त्या थंड मुलखातून घ्यायचे ते यंत्राआधी शास्त्रच घ्यायला हवे होते. समुद्रसंशोधनासाठी युरोपीय राष्ट्रांची परिषद १९०२ मध्येच कोपनहेगनला स्थापन झाली होती, आणि नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये दाखविले होते की कॉड व हेरिंग यांच्या चढउताराचे मर्म पिलांच्या त्या त्या वर्षीच्या जगण्या-मरण्यात आहे. इतके ज्ञान हाती असूनही १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, हा निराळा आणि कडू प्रसंग.

आपल्याकडे एच. टी. सॉर्ले यांनी मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीचा तपशीलवार अहवाल सिद्ध केला. १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निघाली. १९६१ मध्ये मुंबईतच मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था उभी राहिली, ती पुढे वेसाव्यास स्थिरावली. १९७० मध्ये एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा मासा अभ्यासकाची कसोटी पाहणारा आहे. अंगात बहुतांश पाणीच, म्हणून वलाणीवर सुकविल्याखेरीज तो टिकत नाही. गुजरात व उत्तर कोकणच्या किनाऱ्याला विपुल, रत्नागिरीच्या दक्षिणेस मात्र विरळ. आणि खाद्य मुख्यतः जवळा. पेच येथेच आहे. जवळ्यासाठी डोलीच्या शेपटीची आस, म्हणजे जाळ्याची भोके, बारीक ठेवावी लागते, आणि त्याच बारीक आसेत जवळ्याच्या मागे आलेली बोंबलाची पिलेही सापडतात. आस मोठी करा असा हुकूम काढणे कचेरीत बसून सोपे आहे; ज्याची चूल जवळ्यावर चालते त्याला तो उपासाचा हुकूम वाटतो.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना बंदी आहे, आणि २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरविण्यात आली. ही मोजमापे संशोधनातून आली आहेत आणि त्यांचा अंमल कसोशीने व्हावा. पण ती सारी पट्टी माशाला लावतात, तो वाढतो त्या पाण्याला नव्हे. १९५४-५५ च्या सुमारास ट्रॉम्बेच्या किनाऱ्याला तेलशुद्धी कारखाने आले, मागोमाग औष्णिक वीजकेंद्र आणि खतकारखाना आला. उपनगरांचे सांडपाणी वाढत गेले, आणि तिवरांच्या मुळांशी जेथे कोळंबी व लहान मासळी आसरा घेते तोच गाळ बिघडला. तेथे आसेचा नियम काय करणार?

खाडीला संरक्षण लाभले ते रोहित पक्ष्यांच्या निमित्ताने: २०१५ मध्ये अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर माजलेल्या सूक्ष्म शेवाळामुळेच हे पक्षी एवढ्या संख्येने येथे जमतात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्या पाण्याने कोळ्याची मासळी हटविली त्याच पाण्याने पाहुण्या पक्ष्यांची पंगत मांडली आहे, आणि ती पाहण्यासाठी शहरातील हौशी लोक पहाटे होड्या भाड्याने घेतात.