शिरोडकर शस्त्रक्रिया
गर्भाशयाची ग्रीवा (मान) दुर्बल असल्यामुळे होणारा गर्भपात किंवा अकाल प्रसूती टाळण्यासाठी ग्रीवेभोवती टाका घालून तिला आधार देण्याची शस्त्रक्रिया. मुंबईचे स्त्रीरोगतज्ञ विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांच्या नावाने ती ओळखली जाते. व्यवहारात तिला ‘गर्भपिशवीला टाका घालणे’ असे म्हणतात.

गर्भारपणात ग्रीवा सामान्यतः लांब, घट्ट व मिटलेली असते आणि प्रसूतीच्या सुमारास ती मऊ होऊन उघडते. ग्रीवा दुर्बल असल्यास चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फारशा कळा न येताच ती आखूड होऊन उघडते. पाणमोट खाली उतरून फुटते आणि बहुधा निरोगी असलेला गर्भ जगण्यास समर्थ होण्यापूर्वीच बाहेर पडतो. काही स्त्रियांच्या बाबतीत हा प्रकार पुनःपुन्हा घडतो. गर्भधारणा नसताना ही दुर्बलता निश्चितपणे ओळखता येईल अशी खात्रीची चाचणी नाही. त्यामुळे टाका कसा घालावा यापेक्षा तो कोणास घालावा, हाच प्रश्न या शस्त्रक्रियेच्या इतिहासात अधिक अवघड ठरला.

अमेरिकेतील ए. एफ. लॅश व एस. आर. लॅश यांनी १९५० मध्ये गर्भधारणा नसताना ग्रीवेचा दुर्बल भाग कापून कडा शिवण्याची पद्धत मांडली. शिरोडकरांनी गर्भारपण चालू असतानाच ग्रीवेस आधार देण्याचा मार्ग स्वीकारला. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले शिरोडकर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी आपली पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मूत्राशय वर सरकवून ग्रीवेच्या अंतर्मुखाच्या पातळीवर, रुग्णाच्याच मांडीतील तंतुमय आवरणाची पट्टी बांधली जाई. पुढे कृत्रिम धाग्याच्या फिती वापरात आल्या. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील आय. ए. मॅकडॉनल्ड यांनी मूत्राशय न हलविता, बटव्याच्या नाडीप्रमाणे ग्रीवा आवळणारा सोपा टाका वर्णिला. योनिमार्गे टाका घालणे शक्य नसल्यास उदरमार्गे तो घालण्याची पद्धत बेन्सन व डर्फी यांनी १९६५ मध्ये मांडली.

शस्त्रक्रिया सोपी झाल्याने तिचा प्रसार झपाट्याने झाला. तिचे यश मात्र त्याच स्त्रीच्या आधीच्या अपयशी गर्भारपणांशी तुलना करून ठरविले जाई. ही तुलना फसवी होती. कारण अनेकदा गर्भपात झालेल्या स्त्रीचेही पुढील गर्भारपण टाक्याविना पूर्ण मुदतीपर्यंत जाऊ शकते. १९८४ मध्ये फ्रान्समधील ५०६ आणि दक्षिण आफ्रिकेतील १९४ स्त्रियांवरील यादृच्छिक चाचण्यांत टाक्याचा लाभ दिसला नाही. ज्यांच्या बाबतीत टाक्याच्या आवश्यकतेविषयी डॉक्टरांनाच शंका होती, अशा १२ देशांतील १,२९२ स्त्रियांची चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३%, तर दुसऱ्या गटात १७% होते. म्हणजे एका स्त्रीस लाभ होण्यासाठी सुमारे २५ स्त्रियांना टाका घालावा लागला. पूर्वी तीन किंवा अधिक वेळा मुदतीपूर्वी गर्भारपण संपलेल्या स्त्रियांत मात्र ही प्रमाणे अनुक्रमे १५% व ३२% अशी होती.

योनिमार्गे केलेल्या श्राव्यातीत ध्वनितपासणीने ग्रीवेची लांबी मोजता येऊ लागल्यावर पूर्वानुमानाचे नवे साधन मिळाले. जे. डी. आयम्स व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले की, २४ व्या आठवड्यात ग्रीवेची सरासरी लांबी सुमारे ३५ मिमी. असते आणि ती जितकी आखूड तितका अकाल प्रसूतीचा धोका अधिक. तथापि आखूड ग्रीवा ही नेहमीच दुर्बल ग्रीवा नसते. संसर्ग वा शोथ (दाहयुक्त सूज) हेही तिचे कारण असू शकते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७,१२३ स्त्रिया तपासून, ग्रीवा १५ मिमी. किंवा कमी असलेल्या २५३ जणींची निवड केली गेली. केवळ या निकषावर घातलेल्या टाक्याने अकाल प्रसूतीत लक्षणीय घट झाली नाही. उलट, पूर्वी अकाल प्रसूती झालेल्या आणि ग्रीवा २५ मिमी.पेक्षा आखूड असलेल्या ३०२ स्त्रियांच्या २००९ मधील अमेरिकन चाचणीत गर्भ जगण्यास समर्थ होण्यापूर्वीच्या प्रसूती व जन्मकाळच्या आसपासचे मृत्यू कमी झाले. पूर्वेतिहास आणि मापन एकत्र पाहिल्यासच निवड अचूक होते, हे यावरून स्पष्ट झाले. असा पूर्वेतिहास नसून ग्रीवा आखूड असल्यास योनिमार्गे दिलेले प्रोजेस्टेरॉन उपयुक्त असल्याचे २०११ च्या चाचणीत आढळले.

टाका सामान्यतः १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास, किंवा तपासणीत ग्रीवा आखूड होत असल्याचे दिसल्यास २४ आठवड्यांपूर्वी घालतात. कळा, रक्तस्राव, संसर्ग किंवा पाणमोट फुटलेली असल्यास तो घालत नाहीत. योनिमार्गे घातलेला टाका ३६–३७ आठवड्यांस काढतात. त्यापूर्वी कळा सुरू झाल्यास तो तत्काळ काढावा लागतो, अन्यथा ग्रीवा फाटण्याचा धोका असतो.