कवटीवाला पतंग

दिव्याच्या उजेडाला भुलून रात्री एक मोठा पतंग घरात शिरला, की कुणीतरी दगावणार किंवा गावात साथ येणार, अशी युरोपातल्या खेड्यांत जुनी समजूत होती. तिचे कारण पतंगाच्या पाठीवर होते. तिथे माणसाच्या कवटीसारखी पिवळसर खूण असते. पकडला तर तो उंदरासारखा चिरकतोही.

वास्तविक हा पतंग निरुपद्रवी आहे. त्याला नांगी नाही, तो चावत नाही. घशातून हवा आतबाहेर केल्यामुळे तो आवाज होतो. पोळ्यात शिरून मध चोरतो, म्हणून मधमाश्या पाळणाऱ्यांची त्याच्याविरुद्ध थोडीफार तक्रार असू शकते, इतकेच.

अशी भीती शास्त्राने घालवावी अशी आपली अपेक्षा असते. इथे शास्त्राने तिला कायमचे नाव दिले. १७५८ साली कार्ल लिनियसने या पतंगाला ‘अ‍ॅट्रोपॉस’ म्हटले. ग्रीक पुराणकथांत आयुष्याचा धागा कापणारी देवी ती हीच. पुढे त्याच्या दोन भाऊबंदांना ‘लॅकेसिस’ आणि ‘स्टिक्स’ ही नावे मिळाली. पहिली आयुष्याचा धागा मोजणारी, दुसरी पाताळातली नदी. हे दोघे भारतातही आढळतात आणि तिळाच्या पिकावर त्यांच्या अळ्या दिसतात.

एडगर अ‍ॅलन पोने १८४६ साली या पतंगावर ‘द स्फिंक्स’ ही कथा लिहिली. न्यू यॉर्कमध्ये कॉलराचे थैमान चालू आहे. निवेदक हडसनकाठी एका नातेवाइकाच्या घरी राहायला गेला आहे. खिडकीतून त्याला समोरच्या डोंगरावरून उतरणारा, छातीवर कवटी असलेला राक्षस दिसतो आणि आपले मरण जवळ आले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो डोळ्याच्या अगदी जवळ, कोळ्याच्या धाग्यावर चढणारा इवलासा कीटक असतो.

पोने भीतीचे अंतर बरोबर मोजले होते. पण त्याच्या काळात कॉलरा कशातून पसरतो हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. बहुतेकांचा संशय दूषित हवेवर होता. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले, तेव्हा आरोपी निघाले ते रोजचे पिण्याचे पाणी. त्यावर कवटी काढलेली नव्हती.

घरात उडणाऱ्या कीटकांच्या बाबतीतही असेच घडले. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला मलेरियाचा परजीवी सापडला तो डासाच्या पोटात. शतकानुशतके माणसे मारणारा हा कीटक लोकांना त्रासदायक वाटे, अपशकुनी नव्हे.

भीतीला चेहरा लागतो. पतंगाकडे तो होता, म्हणून त्याने विनाकारण मार खाल्ला. नुकसान मात्र एकट्या पतंगाचे झाले नाही. घाबरायचे ते पतंगाला घाबरून झाले, की माणसे निर्धास्तपणे पंपावर पाणी भरायला जात.