सोपाक : स्मशानात वाढलेला बालक

कळमनुरीहून फार दूर नसलेले, कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. 1999 पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा मुलूख आता हिंगोली जिल्ह्यात मोडतो. नामदेवांची एक कथा या भागात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. इ.स. 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले. नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातील हाडे त्यांनी कानाशी धरली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपुरास आणली. जिवंत असताना ज्याला देवळाची पायरी ओलांडू दिली नाही त्याची हाडे बोलली, असे ही परंपरा सांगते आणि तिला त्यात काही विपरीत वाटत नाही.

या कथेत मृताशी बोलणारा नामदेव आहे आणि अस्पृश्य मृत आहे. गावगाड्यात मात्र उलट समजूत होती. मृताशी बोलायचे ते अस्पृश्यानेच. मयताची वर्दी परगावी पोहोचवणे, सरणाची लाकडे वाहणे, बेवारस प्रेताची राखण करणे ही कामे महाराच्या वाट्याची, आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क. रात्र रात्र प्रेताजवळ बसणाऱ्याला भुते दिसत असणारच, असे गावाने ठरवून टाकले. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (1981) या आत्मकथनात वडिलांच्या तराळकीचे दिवस आले आहेत. विहिरीतले प्रेत काढण्यासाठी पोलिसाने वडिलांना विहिरीत उतरवले, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या मुलाने जे पाहिले ते भूत नव्हते. ती सक्ती होती.

ही सक्ती ग्रंथात लिहिलेली आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय श्वपच व चांडाल यांस गावाबाहेर राहण्यास सांगतो, मृतांची वस्त्रे नेसण्यास सांगतो आणि बेवारस प्रेते वाहण्याचे काम नेमून देतो. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले, तेव्हा हे श्लोकही जळाले. स्मशानाशी आमचा संबंध आमच्या स्वभावातून आलेला नाही. तो नेमून दिलेला होता.

लोकसमजुतीतील भुतांनाही जात आहे, हे आमच्या वाचकांनी कधी न्याहाळले असेल. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा तो मुंजा, ब्राह्मणाचे भूत तो ब्रह्मसमंध. मरणाने वर्ण सुटत नाही, असे सांगणारी ही व्यवस्था! त्यातही मुंजाचे घर कोणते, तर पिंपळ. ज्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमाला संबोधी प्राप्त झाली त्याच वृक्षाखालून तिन्हीसांजेला जाऊ नये, असे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मुलांना सांगितले गेले. हे कोणी जाणूनबुजून केले असा दावा आम्ही करीत नाही. परंतु बोधिवृक्षाचे भय बाळगणारी लेकरे बौद्धांच्या घरी वाढावीत, हा इतिहासाचा विचित्र खेळ आहे.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. थेरगाथेत सोपाक नावाचे दोन थेर आहेत. सोपाक म्हणजेच संस्कृतातील श्वपाक. मनूने गावाबाहेर घातलेलाच हा माणूस. पहिल्या सोपाकाची कथा अट्ठकथेत येते ती अशी. श्रावस्तीतील एका अत्यंत गरीब स्त्रीला प्रसूतीच्या वेळी दीर्घ मूर्च्छा आली. आप्तांनी ती मेली असे समजून तिला स्मशानात नेले. चिता रचली जात असता एका यक्षाने वारा-पाऊस उठवून अग्नी लागू दिला नाही. लोक निघून गेले, बाळ जन्मले, आई वारली. यक्षाने मनुष्यरूप घेऊन बाळाला स्मशानरक्षकाच्या झोपडीत ठेवले आणि काही काळ खाऊपिऊ घातले. पुढे रक्षकाने त्याला आपला मुलगा मानून वाढवले. सातव्या वर्षी तथागतांची दृष्टी त्याच्यावर पडली आणि रक्षकाच्या संमतीने तो संघात आला. दुसऱ्या सोपाकाची हकीकत अधिक क्रूर आहे. बापाविना वाढणाऱ्या या सात वर्षांच्या पोराला चुलत्याने रागाच्या भरात स्मशानात नेऊन, कोल्ह्यांनी खावे म्हणून, प्रेताला बांधून ठेवले होते. तेथून सुटून तो बुद्धांकडे आला.

भुतांनी वाढवलेल्या मुलाची ही कथा विवेकनिष्ठ बौद्धाने कशी वाचावी? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मृत मागे उरतो व त्याला अन्न पोहोचवावे लागते, ही कल्पनाच आम्ही तेथे सोडली. म्हणून काही बांधव अट्ठकथा बाजूला ठेवा म्हणतात, तर काही तिला चमत्कार म्हणून कवटाळतात. आम्हांस दोन्ही मार्ग मान्य नाहीत.

मूळ गाथा आणि अट्ठकथा वेगवेगळ्या ठेवून पाहिल्या की उलगडा होतो. पहिल्या सोपाकाच्या नावावर एकच गाथा आहे. तीत यक्ष नाही, स्मशान नाही. एकुलत्या मुलाविषयी आईला जसे वाटते तसे सर्व प्राण्यांविषयी वाटावे, एवढाच तिचा आशय. दुसऱ्याच्या सात गाथांतही प्रेत नाही. प्रासादाच्या सावलीत चंक्रमण करणारे बुद्ध आहेत, त्यांनी विचारलेले प्रश्न व मुलाने दिलेली उत्तरे आहेत, आणि सातव्या वर्षी मिळालेली उपसंपदा आहे. यक्ष आणि मढे आले ते धम्मपालांच्या अट्ठकथेतून, शतकांनंतर. श्वपाक नावाच्या मुलाची हकीकत सांगायची तर स्मशान हवेच, असे उत्तरकालीन समाजाला वाटले असावे, असे आमचे मत आहे. खुद्द मुलाने आपल्याविषयी बोलताना भुताचा उल्लेख केलेला नाही. आईवेगळ्या पोराला आईचा दाखला सुचावा, हे मात्र ध्यानात राहते.

स्मशानाचे भय मोडण्याचा उपाय बौद्ध परंपरेने निराळा काढला. तेरा धुतांगांपैकी एक स्मशानात राहण्याचे आहे. टाकलेल्या चिंध्यांचे पंसुकूल चीवर हेही धुतांगच. जे मनूने शिक्षा म्हणून लादले ते येथे कोणत्याही कुळातील भिक्षू स्वेच्छेने स्वीकारतो. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात स्मशानवासी भिक्षूला सांगितले आहे की अमनुष्य ओरडत फिरले तरी त्यांना काही फेकून मारू नये. मंत्र, उतारा, कोंबडे-बकरे यांचा तेथे पत्ता नाही. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायाबापड्यांचे जे हाल झाले, आणि ज्यांना आळा घालण्यासाठी 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यांच्याशेजारी हा नियम ठेवून पाहावा. धम्मपदाच्या अट्ठकथेत असेही आहे की राहायला येताना भिक्षूने स्मशानाची राखण करणाऱ्यांना कळवावे. संघस्थविर आणि गावप्रमुख यांच्या जोडीने राखणदाराचा हा उल्लेख आहे.

सोपाकाला वाढवणाऱ्या त्या राखणदाराला सुप्पिय नावाचा मुलगा होता. दोघे स्मशानात एकत्र खेळले, आणि सोपाकाच्या उपदेशाने सुप्पियही संघात आला. थेरगाथेत सुप्पियाची गाथा बत्तिसावी आहे आणि तिच्या लगेच खाली, तेहतिसावी, सोपाकाची.