जयपूरचे उघडे दार

‘जयपूर फूट’ हे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यामागील इतिहास तितका परिचित नाही.

१९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे हे पाऊल घडविले. विदेशी धाटणीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. आपल्या शेतकऱ्याला मात्र अनवाणी चालायचे, चिखलात उभे राहायचे आणि मांडी घालून जेवायचे होते. नव्या पावलाने हे सारे साधले. तरीही पुढील सात वर्षांत ते जेमतेम साठेक जणांपर्यंत पोहोचले. साधन सिद्ध होते. गरजवंताला तेथवरची वाट नव्हती.

ती वाट १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापिलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने घातली. १९६९ मधील भीषण अपघातात स्वतः मेहता यांचाच पाय जाता जाता वाचला होता. समितीने आलेल्या रुग्णाला वेळ-अवेळ न पाहता प्रवेश दिला. निवास, भोजन आणि पाय, सारे विनामूल्य. रांगत आलेली माणसे चालत घरी परतू लागली. पुढे लाखो जण असे उभे राहिले.

हीरक महोत्सवी वर्षात आपण याचे स्मरण ठेवावे. आपल्या परिसरात कोणती मदत कोठे मिळते, हे लिहिता-वाचता येणाऱ्याने शोधावे आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला त्या दारापर्यंत सोबत करावी. शाळेचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.